जिंकलेल्या लढायांची दहा पुस्तकं? दहा नाहीत, आणि जिंकलेल्याही नाहीत

तुमचा प्रश्न असा: ‘पानिपत’ कादंबरी दोनदा वाचून झाली, आता युद्धांवरची खरी पुस्तकं वाचायची आहेत, दहा नावं सुचवा, शक्यतो आपण जिंकलेल्या लढायांची, रडगाणी नकोत.

मी तालुक्याच्या गावातल्या एका ब वर्ग वाचनालयात एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या टेबलाशी हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो. बहुधा दहावीतला मुलगा असतो आणि मागे त्याचे वडील उभे असतात. मुलाला रणगाड्यांची चित्रं हवी असतात, वडिलांना मुलगा एनडीएत जायला हवा असतो. दोघांचंही समाधान होईल असं काहीतरी मी देते आणि कार्डावर शिक्का मारते. तुमच्या प्रश्नालाही तसंच चार नावांचं उत्तर देऊन मोकळी झाले असते, पण ‘रडगाणी नकोत’ला अडकले. हे शब्द मी आमच्या घरात ऐकलेत, आणि त्यांच्यापायी माझे थोरले चुलते माझ्याशी सहा वर्षं बोलत नव्हते.

साताऱ्याकडच्या बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं बसवलेली संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. नावं नाहीत, नुसते आकडे. अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, तिथले ४६ कामी आले. आमच्या पाटीवरचा आकडा अगदीच लहान आहे, पण त्यात माझे पणजोबा आहेत. घरात त्यांच्याविषयी एकच वाक्य होतं: ‘बसऱ्याला तुर्कांशी लढताना गेले.’ पणजीला पेन्शन होती. ती आणायला ती तालुक्याला चालत जायची, म्हणून गावात तिला बसऱ्याची म्हातारी म्हणत. याहून जास्त कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

तात्या, म्हणजे हे चुलते, स्वतः तोफखान्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या पंचाहत्तरीला चुलतभावानं मोठा फ्लेक्स करायचं ठरवलं. एका बाजूला तात्या, एका बाजूला पणजोबा (फोटो नाही म्हणून फेटेवाल्या शिपायाचं कुठलंसं चित्र), खाली ‘रणांगणी झुंजताना वीरमरण’. मजकूर तपासायला माझ्याकडे आला, कारण घरात पुस्तकांतली मीच. मी तपासला. तिथंच चुकलं.

राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर पणजोबांचं नाव शोधलं. ११० मराठा पलटणीचे शिपाई, बसरा स्मारक, मृत्यू सप्टेंबर १९१६. तारीख पाहिली आणि काहीतरी जुळेना. ११० पलटण होती पूना डिव्हिजनमध्ये. ही डिव्हिजन जनरल टाऊनशेंडच्या हाताखाली बगदादकडे निघाली, नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोनला अडली आणि मागं हटून कूत या आजच्या इराकमधल्या गावात शिरली. डिसेंबरच्या सुरुवातीला तुर्कांनी वेढा घातला, तो १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ला सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवली. आत तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. मग सप्टेंबरात पणजोबा कोणत्या रणांगणावर झुंजत होते?

कुठल्याच नाही. ते कैदेत होते. कूतच्या कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. तिथं माणसं हगवणीनं, तापानं आणि उपासमारीनं मेली.

मी टाऊनशेंडचं १९२०चं पुस्तक मिळवलं. ‘माय कॅम्पेन इन मेसोपोटेमिया’. आता नेटवर फुकट आहे. वाचा, पण चीड येईल याची तयारी ठेवून वाचा. कूत का पडलं याच्या त्याच्या कारणांत एक कारण आमची माणसं आहेत: हिंदी शिपायांनी वेळेवर घोड्याचं मांस खाल्लं नाही. खाल्लं नाही हे खरं आहे. इकडून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी कित्येकांनी शेवटच्या महिन्यापर्यंत हात लावला नाही. भीती देवाची कमी आणि गावाची जास्त असावी, असं मला वाटतं. परत गेल्यावर पंगतीला कोण घेणार, पोरीला कोण करून घेणार? ज्यानं खेड्यात चार दिवस काढलेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जनरलला शेवटपर्यंत समजलं नाही. शरणागतीनंतर साहेब स्वतः इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले आणि त्यांचं कुत्रं तुर्कांनी सौजन्यानं इंग्रजांकडे परत पोचवलं. कुत्रं घरी पोचलं. पणजोबा नाही.

हे सगळं मी पंचाहत्तरीच्या आदल्या रात्री ओसरीवर सांगितलं. मूर्खपणा केला, वेळ पाहायला हवी होती. तात्या एवढंच म्हणाले, “आमचा आजा भुकेनं मेला असं तू पुस्तकात वाचून ठरवलंस?” चुलतभाऊ म्हणाला, “ताई, असली रडगाणी कशाला वाचतेस? जिंकलेल्या लढायांची पुस्तकं नाहीत का तुझ्या लायब्ररीत?” फ्लेक्स होता तसाच लागला.

आता पुस्तकांकडे येते. माझी एक कसोटी आहे आणि ती या भांडणातून आलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. लढाईचं पुस्तक हातात आलं की मी आधी मागची सूची उघडते आणि शोधते: धान्य, बैल, बूट, ताप. नसतील तर पुस्तक खाली ठेवते. सूचीच नसेल तर विषय संपला. मुखपृष्ठावर वाघ आणि आत नुसत्या डरकाळ्या, अशा पुस्तकांना आमच्याकडे मागणी भरपूर आहे. मी ती विकत घेते, कारण वर्गणीदार मागतात. सुचवत मात्र नाही.

कादंबरीनंतर पहिलं पुस्तक त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’. दुसरं काही घेऊ नका. आधी १९४६ला इंग्रजीत आलं, मराठीत १९६१ला, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा. माणूस प्रत्यक्ष ती जमीन पाहून आलेला आहे, आणि ते पानोपानी कळतं. कादंबरीत तुम्ही विश्वासरावांना गोळी लागते तिथं थांबला असाल. इथं त्याआधीचे अडीच महिने बघा. अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर बसला, आपल्याला रसद पुरवणारे गोविंदपंत मारले गेले, रसद तुटली. १४ जानेवारीला आपली माणसं बाहेर पडली ती उपाशी पोटी. पुढं भाऊ चुकला की होळकर पळाला यावर भांडायचं तर खुशाल भांडा, आमच्याकडे संक्रांतीला तीळगुळाबरोबर हे भांडण असतंच.

पानिपत आणि कूत एकाच जातीच्या लढाया आहेत, असं मी तात्यांना सांगायला गेले होते. पानिपतचं दुःख आपण अडीचशे वर्षं अभिमानानं मिरवतो. तिथं उपाशी असणं कोणाला कमीपणाचं वाटत नाही. मग कूतचं का वाटावं? तिथं फौज इंग्रजांची होती म्हणून? पोटं तर आपलीच होती.

जिंकलेली लढाईच हवी असेल तर फील्ड मार्शल स्लिमचं ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ (१९५६) घ्या. ब्रह्मदेशात जपान्यांना हरवणाऱ्या चौदाव्या सैन्याचा हा सेनापती, आणि त्या सैन्यात बहुसंख्य माणसं आपली. पण नाव बघा, सुरुवात पराभवानं आहे. १९४२च्या माघारीत आपण स्वतः कुठं चुकलो हे तो सरळ लिहितो, जे टाऊनशेंडला सगळं पुस्तक लिहून जमलं नाही. माझं आवडतं प्रकरण तापाचं आहे. १९४३मध्ये एक जखमी मागं पाठवावा लागे तेव्हा आजारी एकशे वीस पाठवावे लागत. त्यानं मेपाक्रीनच्या, म्हणजे हिवतापावरच्या गोळ्या सक्तीच्या केल्या, पलटणीत अचानक रक्त तपासायला लावलं, आणि गोळ्या घेतल्या जात नाहीत असं दिसलं तिथला कमांडर काढला. तीनच काढावे लागले, मग बाकीचे समजले. पुढे इम्फाळ जिंकायचं, त्याची तयारी या गोळ्यांपासून होती.

ब्रिगेडियर जॉन दळवींचं ‘हिमालयन ब्लंडर’ (१९६९) तुम्हाला कोणीतरी सुचवलंच असेल. नाम्का चू नदीवर १९६२ला त्यांची सातवी ब्रिगेड होती, २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला, ते पकडले गेले आणि मे १९६३मध्ये सुटले. आडनाव आपलं, आणि योगायोग असा की जन्म बसऱ्याचा. लोक हे पुस्तक नेहरू, संरक्षणमंत्री मेनन आणि जनरल कौल यांना शिव्या घालायला वाचतात. शिव्या घालाच, पण ते झाल्यावर माणशी पन्नास गोळ्या, सुती कपडे, एक ब्लँकेट आणि विमानातून टाकलेला माल दरीत जाऊन पडतो ती पानं पुन्हा वाचा. दळवी रागानं लिहितात आणि त्यांचा स्वतःचा बचावही त्यात आहे, म्हणून एकट्यावर विसंबू नका.

जॉन कीगनचं ‘द फेस ऑफ बॅटल’ (१९७६) इंग्रजी सवयीचं असेल तर. आझँकूर, वॉटर्लू, सोम या तीन लढाया, पण सेनापतीच्या टेकडीवरून नाही, रांगेत उभ्या माणसाच्या डोळ्यांनी. मी कधी लढाई पाहिलेली नाही, असं तो आरंभीच कबूल करतो. मला तो त्यासाठीच जवळचा वाटतो.

असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) आपण हरलो, पण तिथं आपला तोफखाना किती चांगला होता हे रँडॉल्फ कूपरच्या पुस्तकात वाचा. दुसऱ्या बाजूला इंग्रज सेनापती वेलस्लीची त्या काळातली पत्रं चाळा. बैल आणि तांदूळ, पुन्हा बैल आणि तांदूळ. पुढं नेपोलियनला हरवणारा माणूस दख्खनमध्ये बैल मोजत होता.

यात परकं काही नाही. शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या लष्कराला लिहिलेलं पत्र तुम्ही शाळेत वाचलं असेल. दाणागवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. रात्री दिवा ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गवताची गंजी पेटेल. एवढं लष्करी पत्र मराठीत दुसरं नाही, असं माझं मत आहे. त्यात एकही लढाई नाही.

कूतवर मराठी शिपायानं लिहिलेलं पुस्तक माझ्या हाती आजवर लागलेलं नाही. बंगाल्यानं लिहिलेलं आहे. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी, बंगाल अँब्युलन्स कोअरमधला तरुण, कूतमध्ये होता, पुढं रास-अल-ऐनलाही. डायरीची पानं फाडून बुटात लपवली आणि चाळीसेक वर्षांनी ‘अभि ले बगदाद’ लिहिलं. तो शिकलेला होता, आमचे पणजोबा अंगठेबहाद्दर. ज्याला लिहिता येतं त्याची भूक इतिहासात जाते. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा मात्र पलटणीप्रमाणे आकडा. नाव वेगळ्या नोंदवहीत. गावात आकडा, बसऱ्यात आकडा.

तात्या सहा वर्षांनी एकदा वाचनालयात आले. टेबलासमोर बसले आणि म्हणाले, “आपल्या पलटणीचं पान काढ.” मी मराठी करत वाचून दाखवलं. धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, म्हणून इंग्रजांनी विमानातून जात्याचे दगड खाली टाकले, हे आलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “दळत कोण होतं?” मी पुढं शोधलं, मागं शोधलं. कोणीच लिहिलेलं नाही. “बघ,” म्हणाले, आणि उठून गेले. ते मला चुकीचं ठरवत होते की बरोबर, ते आजही कळलेलं नाही. पण पुस्तकाला असा प्रश्न विचारणारा वर्गणीदार मला एकवीस वर्षांत दुसरा भेटला नाही.

दोन गोष्टी राहिल्या. मी बंदूक कधी हातात धरलेली नाही, तेव्हा डावपेच, नकाशे, हत्यारं यावर माझं ऐकू नका, एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला विचारा. आणि कादंबरी सोडा असं मी म्हणत नाही. मीही तिथूनच आले, आणि पोरं वाचनालयात येतात ती तिच्यामुळेच.

दहा नावं झाली नाहीत, माफ करा. चुलतभाऊ हे वाचत असेल तर: फ्लेक्स तुझ्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेला आहे, वहिनींनी सांगितलंय. यंदा पाटीला रंग द्यायचा आहे म्हणतोस. खाली नाव लिहू, पलटण लिहू, ‘कूत, १४७ दिवस’ लिहू. पेंटरचे पैसे मी देते.