विहिरीतला काळा दगड प्रदर्शनात 'मंगळाचा दगड' म्हणून मांडता येईल का?

जालन्याकडच्या विहिरीतून निघालेला काळा दगड शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जुन्या मंगळाचा नमुना म्हणून चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. पण माझं ऐकाल तर घट्ट काळा पाषाण उचलू नका. इथं नि मंगळावर दोन्हीकडे बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा खडक आहे, यापलीकडे तो काही सांगत नाही. पाण्यानं दगडाचं काय केलं ते मांजऱ्या नावाच्या दगडात दिसतं.

लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं पुढं खनिजांनी भरली की मांजऱ्या होतो. विहिरीतून काढलेल्या ताज्या ढिगातला मुठीएवढा तुकडा घ्या. जुन्या ढिगातल्या दगडात मुळं नि माती शिरलेली असते. डोळ्यांवर चष्मा लावून फोडा आणि ताजी बाजू 10 पट भिंगाखाली धरा. भोकाच्या कडेला हिरवा पापुद्रा दिसला तर बहुधा सेलाडोनाइट हे हिरवं खनिज. आतलं पांढरं खिळ्यानं खरवडा. ओरखडा उठला नाही तर ते गारेच्या (क्वार्ट्झच्या) जातीचं. उठला तर भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका: फेस आला की कॅल्साइट (चुन्याचं खनिज), नाही आला तर बहुधा झिओलाइट (अशा भोकांत वाढणाऱ्या खनिजांचा एक गट). मुलं अख्ख्या खड्यावर व्हिनेगर टाकतात, फेस नीट दिसत नाही, आणि झिओलाइट लिहून मोकळी होतात. भुकटीच करा.

शेजारी ताटलीत रेगडी, म्हणजे काळी माती ठेवा. उन्हाळ्यात तिला भेगा पाडणारी चिकणमाती स्मेक्टाइट गटातली, म्हणजे पाण्यानं फुगणाऱ्या खनिजांची. नासाच्या क्युरिऑसिटी गाडीनं 2013 मध्ये मंगळावरच्या गेल विवरातला खडक भोक पाडून तपासला, त्यातही याच गटाची खनिजं निघाली. फरक मात्र तक्त्यावर लिहा: आपला दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, तिकडचा काळ 350 कोटींच्याही मागचा. शिवाय आपल्याकडे प्राणवायू नि पावसाळा.

मंगळावरच्या गरम झऱ्यांच्या खुणांशी तुलना करायची तर मराठवाडा पुरत नाही. किनवटकडचा उनकेश्वरचा झरा उकळता नाही. नासाच्या स्पिरिट या मंगळावरच्या गाडीचं एक पुढचं चाक बंद पडून फरफटत गेलं, तेव्हा 2007 मध्ये खाली पांढरी माती उघडी पडली; 90 टक्क्यांहून जास्त सिलिका, म्हणजे गारेचाच पदार्थ; गरम पाण्याची खूण. तिथल्या सिलिकेच्या बोटांसारख्या गाठींशी जुळणाऱ्या गाठी चिलीत, 4,300 मीटर उंचीवरच्या एल तातिओच्या गरम झऱ्यांपाशी सापडतात. चिलीत त्या घडवण्यात सूक्ष्मजीवांचा हात आहे, पण म्हणून 'मंगळावर जीव सापडला' असं तक्त्यावर लिहू नका.

आणि वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांतून खडा आणू नका. दगड तोच आहे, पण जागा संरक्षित आहे.