पेशीतील बिघडलेले अंगक कोण निवडते?

प्रश्न : मी इंदूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. लयकारिका (लायसोसोम) जुनी अंगके, म्हणजे पेशीतील छोटे कार्यकारी भाग, पचवतात, एवढाच उल्लेख पाठ्यपुस्तकात आहे. परवा एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, आमच्याकडे ओला आणि सुका कचरा आई वेगळा करते, मग गाडीत देते. पेशीत वेगळे कोण करते? शेकडो तंतुकणिकांमधली बिघडलेली कोणती, हे कसे कळते?” मला उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ सुटत नव्हता. ख्रिश्चन द ड्यूव यांनी १९५५ मध्ये लयकारिकांचे वर्णन केले आणि पेशीने स्वतःचेच घटक पचवण्याच्या क्रियेला १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात त्यासाठी लागणारी जनुके यीस्टमध्ये शोधली व त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ठरावीक अंगकच नेमके कसे वेचले जाते, हे तंतुकणिकांच्या, म्हणजेच पेशीसाठी ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या, बाबतीत २००८ नंतरच उलगडत गेले.

विद्यार्थिनीला प्रथम हे सांगावे, की पेशीत कचरा वेगळा करणारे कोणीही बसलेले नसते. तंतुकणिकेचे रोजचे काम चालू असणे हीच तिची तपासणी असते. निरोगी तंतुकणिकेच्या आतील पटलावर सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो. बाहेर तयार झालेली अनेक प्रथिने याच दाबाच्या ओढीने आत घेतली जातात आणि ‘पिंक-१’ हे त्यांपैकीच एक. ते आतील पटलापर्यंत पोहोचते, तेथे एक विकर (एन्झाइम) त्याला कापते आणि उरलेला तुकडा पेशीद्रवात नष्ट केला जातो. पेशी हे प्रथिन सतत तयार करते आणि सतत नष्टही करते, त्यामुळे निरोगी तंतुकणिकेवर ते जवळजवळ दिसतच नाही.

हा वरवर पाहता अपव्यय वाटेल, पण सारी युक्ती त्यातच आहे. गल्लीतल्या एखाद्या घरासमोर रोज सकाळी वर्तमानपत्र पडते आणि घरातले कोणीतरी ते उचलून नेते, तोवर त्या दाराकडे कोणाचे लक्ष जात नाही; चार दिवसांची वर्तमानपत्रे दाराशी साचली, की मात्र आत काहीतरी बिघडले आहे हे शेजाऱ्यांना कळते. तंतुकणिकेतील विद्युतदाब कोसळला, की पिंक-१ ला आत ओढणारे बळच उरत नाही आणि ते बाहेरील पटलावर साचू लागते.

साचलेले पिंक-१ तेथील युबिक्विटिन या लहानशा प्रथिनाला आणि ‘पार्किन’ या विकराला फॉस्फेट जोडते. त्यामुळे जागे झालेले पार्किन पटलावर आणखी युबिक्विटिन चिकटवते, त्यावरही फॉस्फेट चढते, आणि त्या खुणेकडे आणखी पार्किन खेचले जाते. ही साखळी स्वतःच वेग घेते. पार्किन बिघडलेल्या तंतुकणिकेकडे धाव घेते, हे रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवून दिले. ज्या मायटोफ्यूसिन प्रथिनांमुळे तंतुकणिका एकमेकींत मिसळतात, तीही पार्किन नाहीशी करवते, म्हणजे बिघडलेला भाग निरोगी जाळ्यात पुन्हा मिसळू शकत नाही.

पुढचे काम जोडणाऱ्या प्रथिनांचे. ऑप्टिन्यूरिनसारखे प्रथिन एका टोकाने युबिक्विटिन धरते आणि दुसऱ्या टोकाने नव्याने वाढणाऱ्या दुहेरी पटलावरील ‘एलसी-३’ हे प्रथिन. ते पटल तंतुकणिकेभोवती मिटते आणि तयार झालेली पिशवी लयकारिकेशी एकजीव होते. तेथील आम्ल वातावरणात प्रथिनांची अमिनो आम्ले, मेदांची मेदाम्ले होतात आणि ती पुन्हा वापरात येतात. इंदूरजवळच्या देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत होते, हे उदाहरण आपल्या वर्गाला येथे चपखल वाटेल.

ही व्यवस्था मोडल्यास काय होते, हेही वर्गात अवश्य सांगावे. पार्किनचे जनुक १९९८ मध्ये आणि पिंक-१ चे २००४ मध्ये ओळखले गेले, ते तरुण वयात सुरू होणाऱ्या आनुवंशिक पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांमध्ये. या रोगात बाधित होणाऱ्या चेतापेशी विभाजित होत नाहीत, म्हणून साचलेला बिघाड नव्या पेशींत वाटून टाकण्याची सोय त्यांना नसते.

सगळ्याच निवडी बिघाडासाठी असतात असेही नाही. परिपक्व होणारी तांबडी रक्तपेशी आपल्या धडधाकट तंतुकणिकाही काढून टाकते, आणि तेथे खूण म्हणून तंतुकणिकेवरचेच ‘निक्स’ हे प्रथिन उपयोगी पडते.

प्रश्न : एकादशीच्या उपवासाने हीच सफाई होते, असे मोबाइलवर वाचले. खरे आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन क्रियांची येथे गल्लत झाली आहे. अन्न कमी पडले की रक्तातील इन्सुलिन घटते, ‘एमटॉर’ नावाच्या प्रथिनाचा स्वभक्षणावरील लगाम सैल होतो आणि पेशी आपल्या द्रवातील घटक बहुतांशी न निवडता पचवू लागते. हा भुकेचा उपाय आहे. वर वर्णिलेली निवड मात्र तंतुकणिकेच्या बिघाडाने सुरू होते, पोट भरलेले असले तरीही. शिवाय साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीची एक बशी खाल्ल्यावर इन्सुलिन वाढते आणि तो लगाम पुन्हा घट्ट होतो, म्हणून फराळाच्या उपवासाला उपाशी राहण्याचे परिणाम जोडता येत नाहीत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी असा मजकूर वाचून कडक उपवास सुरू करू नये. आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.