जेवणात गोळी कालवणारी आई

"तो औषध घेतच नाही. त्याच्या नकळत दिलं तर चालेल का?" स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाच्या घरातून मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक जण तो विचारतात तेव्हा औषध देऊन झालेलं असतं. त्यांना परवानगी नको असते, मनावरचं ओझं कुठेतरी उतरवायचं असतं. अशाच एका आईची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा तेवीस वर्षांचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मित्रांपासून तुटत गेला, रात्र रात्र जागू लागला. फोनच्या कॅमेऱ्यावर त्याने चिकटपट्टी लावली. दोन माणसांचे आवाज त्याच्याबद्दल बोलत राहायचे, "आता उठला बघ, आता दाराकडे चाललाय." मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत बराच फरक पडला. मग त्याने गोळ्या थांबवल्या. चार महिन्यांनी आवाज परतले आणि या वेळी त्याने डॉक्टरांकडे यायला साफ नकार दिला. "मला काही झालेलं नाही," एवढंच म्हणायचा.

आईने जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणल्या. रोज संध्याकाळी एक गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करायची आणि त्याच्या ताटात कालवायची. हे सांगताना बाई स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. "पांढरी पूड नखात राहायची हो मॅडम. मी तीन-तीनदा हात धुवायचे."

काही दिवसांनी मुलगा ताट हुंगायला लागला. "तुम्ही माझ्या जेवणात काहीतरी घालता," म्हणाला. वडील चिडले. "वेड्यासारखं बोलू नकोस, तुझी आई तुला विष घालेल का?" बाई गप्प राहिल्या. त्या दिवसापासून त्याने घरचं जेवण सोडलं.

हे ऐकताना मी टिपणं लिहिणं थांबवलं. अन्नात विष घालतात असं वाटणं हा या आजारात नेहमी दिसणारा भ्रम आहे. या मुलाच्या बाबतीत त्या भ्रमाला पुरावा मिळाला होता. त्याच्या अन्नात खरंच काहीतरी पडत होतं आणि घरातली सगळ्यांत जवळची माणसं त्याला सांगत होती की काहीच पडत नाही. मला त्या माउलीचा राग आला नाही. पोटचा मुलगा डोळ्यांसमोर हातातून निसटताना दिसत असेल, तर माणूस काय काय करेल सांगता येत नाही. पण हा मार्ग का नको, ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. किती औषध पोटात जातंय याचा हिशोब राहत नाही. काही गोळ्या चुरायच्याच नसतात, त्या शरीरात हळूहळू विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात. त्रास झाला तर तो कशाने झाला हे रुग्णाला कळत नाही आणि डॉक्टरांना तर काहीच माहीत नसतं. शिवाय समजा बरं वाटलंच, तर त्याचं श्रेय औषधाला जात नाही. "बघा, मी गोळीशिवायच बरा झालो," हेच त्याच्या मनात पक्कं बसतं.

मग बाईंनी विचारलं, "पण त्याला कळत कसं नाही, इतका हुशार मुलगा?"

हा हट्ट नसतो. हाडाला इजा झाली तर मेंदू सांगतो, इथे दुखतंय. या आजारात सांगणाऱ्यालाच, म्हणजे मेंदूलाच, इजा झालेली असते. आवाज ऐकू येतात त्या वेळी मेंदूतले भाषेचे आणि ऐकण्याचे भाग खरोखर काम करत असतात, हे मेंदूच्या चित्रणात दिसलेलं आहे. म्हणजे त्याच्यासाठी तो आवाज माझ्या-तुमच्या आवाजाइतकाच खरा. डोपामिन या रसायनाची गडबड हे एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. त्यामुळे क्षुल्लक गोष्टींनाही भलताच अर्थ येतो. रस्त्यावर कुणी खोकलं तरी ती आपल्यासाठी खूण वाटते. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन वापरात आलं तेव्हापासूनची औषधं मुख्यतः या डोपामिनचा जोर कमी करतात. ती नुसती गुंगीची औषधं नव्हेत. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

आणि अनेकांना वाटतं तसं "दोन माणसं एका शरीरात" असं काही या आजारात नसतं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ यूजेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं, त्यात दुभंगलेलं मन असा अर्थ आहे. विचार, भावना आणि वागणं यांचा मेळ सुटणं एवढंच त्यांना म्हणायचं होतं. नावाने मात्र फार गैरसमज पसरवला.

पहिलं काम म्हणून बाई एकट्याच डॉक्टरांना भेटल्या. किती गोळ्या, किती दिवस दिल्या, सगळं कागदावर लिहून नेलं. रुग्ण येत नसला तरी घरच्यांनी जाऊन बोलता येतं, हे अनेकांना माहीतच नसतं. डॉक्टरांनी चोरून देणं बंद करायला सांगितलं आणि कोणत्या खुणा दिसल्या तर तडक घेऊन यायचं तेही सांगितलं. माझ्याकडे आम्ही बोलण्याचा सराव केला. "आवाज नाहीच आहे" असं म्हणायचं नाही आणि "हो, मलाही ऐकू येतो" असंही नाही. "मला ऐकू येत नाही, पण तुला किती भीती वाटत असेल ते कळतंय," हे म्हणायचं. आजार हा शब्द बाजूला ठेवून झोपेबद्दल विचारायचं. झोप लागत नाही, हे तर त्यालाही मान्य होतं.

सगळ्यांत अवघड होतं ते खरं सांगणं. डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवली. वडील घरात होते. बाई म्हणाल्या, "तू म्हणत होतास ते एवढ्यापुरतं खरं होतं. मी घालत होते. विष नव्हतं, तुझीच गोळी होती. पण तुझ्यापासून लपवलं, ते माझं चुकलं."

तो उठून आत गेला. तीन दिवस बोलला नाही. ते तीन दिवस बाई मला रोज फोन करत होत्या आणि खरं सांगते, मीही काळजीत होते. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "कुठली गोळी?" त्यांनी पाकीट समोर ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हिच्यामुळे माझे पाय एका जागी ठरत नव्हते. बसवायचंच नाही मला."

दोन वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आतून येणारी ही असह्य अस्वस्थता, सारखं उठावं-चालावं वाटणं, हा या औषधांचा माहितीतला दुष्परिणाम आहे. गोळी बंद करण्यामागे निदान एक तरी कारण पूर्ण शहाणपणाचं होतं. डोस कमी करून, औषध बदलून किंवा जोडीला दुसरं देऊन त्यावर उपाय होतो. पाय ठरतील असं औषध मिळेल का, एवढं विचारायला तो डॉक्टरांकडे जायला तयार झाला.

प्रत्येक घरात हे असं जमत नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, अन्नपाणी पूर्ण सोडलं असेल, तर विश्वास बसायची वाट बघत थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेसा काळ घेऊनही फरक नसेल तर डॉक्टरांना क्लोझापिनबद्दल विचारा. त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते, कारण क्वचित पांढऱ्या पेशी घटतात, पण इतर औषधांनी न हललेल्या अनेकांना त्याने हात दिला आहे. रोजची गोळी नको वाटणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा किंवा त्याहूनही जास्त अंतराने घ्यायची इंजेक्शनं आहेत.

"बरं वाटतंय, आता थांबवूया" म्हणणाऱ्यांना मी एक आकडा नेहमी सांगते. २०१२ मध्ये या औषधांच्या ६५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा साधारण वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला होता आणि थांबवलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

नवं औषध सुरू होऊन आता आठ महिने झालेत. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. लांबून, कमी येतात, असं तो सांगतो. अजून दुपारपर्यंत झोपतो, अंघोळीचा कंटाळा करतो. वडिलांना तो आळस वाटायचा. उमेद आटणं हाही आजाराचाच भाग आहे आणि गोळीने तो सगळ्यांत कमी सुधारतो, हे पटायला त्यांना चार बैठका लागल्या. आता सकाळी ते त्याला अर्धा तास चालायला नेतात, आणि तेवढा वेळ उपदेश करत नाहीत.

गोळ्यांचं पाकीट जेवणाच्या टेबलावर उघड्यावर असतं. रात्री तो स्वतः घेतो. मागच्या भेटीत मी बाईंना विचारलं, तुमच्या हातचं जेवतो का आता?

"जेवतो," त्या म्हणाल्या. "पण ताट अजून स्वतःच वाढून घेतो. मी भांडी टेबलावर मांडते आणि बाजूला होते."