शिमोन आधी खरं बोलला

"मावशी, वडिलांना जाऊन वर्ष झालं. भाऊ म्हणतो, घरातला तुझा हिस्सा सोडल्याचा दस्त नोटरीकडे करून टाकू. मी कागद वाचायला मागितला, तर रोज तेर्सानंतर (घरातल्या संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेनंतर) येशूचा शिष्य शिमोन पेत्र याची गोष्ट ऐकवतो. येशूने सांगताच त्याने प्रश्न न विचारता जाळी टाकली, मग तुझा विश्वास कुठे गेला? मी प्रभूची आज्ञा मोडतेय का?"
— पेडण्याची एक बहीण

प्रिय मुली,

तू कुठलीही आज्ञा मोडत नाहीस. लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढ आणि भावाच्या शेजारी बसूनच वाच. शिमोन गप्प राहिलेलाच नाही. रात्रभर राबलो, हाती काही लागलं नाही, हे तो येशूला तोंडावर सांगतो आणि मगच तुमच्या शब्दाखातर जाळी सोडतो म्हणतो. मोरजीच्या एखाद्या रापणकाराला विचार, रात्र फुकट गेल्यावर धुतलेली जाळी पुन्हा पाण्यात टाकायची म्हणजे काय ते! त्या बोलण्याबद्दल येशू त्याला एका शब्दानेही टोकत नाही.

शिवाय जाळी टाकायला सांगणारा येशू शिमोनाच्या ओळखीचा होता. आदल्याच अध्यायात येशूने शिमोनाच्या सासूचा ताप घालवलाय. आणि मासळी कोणाच्या होड्यांत भरली? शिमोनाच्या आणि त्याच्या भागीदारांच्या, दोन्ही बुडायला आल्या इतकी. सांगणाऱ्याने त्या मासळीतलं स्वतःसाठी काही मागितलं नाही. तुझ्या घरी मात्र सगळा लाभ सांगणाऱ्याचाच आहे. देवाचा शब्द पुढे करून त्याच्या आडून आपला स्वार्थ साधायचा, याचा मला मनापासून राग येतो.

भाऊ म्हणेल, शेवटी येशूच्या मागे जायला शिमोनाने सगळं सोडलंच ना? सोडलं, पण आपल्या मनाने, डोळ्यांनी सगळं पाहून. तुलाही उद्या समजून-उमजून हिस्सा द्यावासा वाटला तर खुशाल दे. न वाचलेल्या कागदावर सही करू नकोस.

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीचा वारसाहक्क मुलाएवढाच आहे, 2012 च्या वारसा कायद्यानेही तो राखलाय. हक्क सोडल्याचा दस्त एकदा झाला की मागे फिरणं फार अवघड. मसुद्याची प्रत माग आणि भावाने निवडलेल्या वकिलाऐवजी स्वतःच्या वकिलाला दाखव; लग्न झालं असेल तर नवऱ्याला सोबत ने. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसाच्या मालमत्तेची कोर्टात यादी, करून रीतसर वाटणी करता येईल का, तेही विचार. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथे महिलांना मोफत मदत मिळते.