हाड पोखरणाऱ्या पेशी शरीरात असतातच कशाला? त्या कायमच्या बंद करता येत नाहीत का?

प्रश्नात पुढे असंही विचारलंय की हाडं ठिसूळ होण्यामागे या पेशी असतील, तर औषध देऊन त्यांचा एकदाच निकाल का लावत नाहीत?

मी काही वर्षं प्रयोगशाळेत याच पेशी वाढवल्या आहेत. त्यामुळे थोडं त्यांच्या बाजूने बोलणार, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांचं नाव ऑस्टिओक्लास्ट. त्यांचा निकाल लागला तर काय होतं, ते ऑस्टिओपेट्रोसिस या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसतं. यात ऑस्टिओक्लास्ट एकतर तयारच होत नाहीत किंवा होऊनही काम करत नाहीत. अशा बाळाचा एक्स-रे पाहिला तर हाडं पांढरीशुभ्र, भरीव दिसतात. बघणाऱ्याला वाटावं, काय दणकट आहेत! प्रत्यक्षात ती खडूसारखी मोडतात. हाडातली पोकळी बुजल्यामुळे रक्त तयार व्हायला जागा उरत नाही, कवटीतल्या वाटा अरुंद होऊन डोळ्यांच्या नसाही दाबल्या जातात.

या पेशी येतात कुठून, हे कोडंही याच आजारामुळे सुटलं. १९७०च्या दशकात डोनाल्ड वॉकर या संशोधकाने आजारी उंदराचं रक्ताभिसरण निरोगी उंदराशी जोडून पाहिलं, आणि आजारी उंदराची हाडं सुधारली. पुढे पाच महिन्यांच्या एका मुलीला तिच्या भावाचा बोनमॅरो देण्यात आला. १९८०मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिच्या हाडाचा तुकडा तपासला तर ऑस्टिओक्लास्टमध्ये वाय गुणसूत्र, म्हणजे त्या भावाकडून आलेल्या. हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट मात्र तिच्या स्वतःच्याच होत्या. मला हा पुरावा अजूनही फार देखणा वाटतो. एकाच हाडावर काम करणाऱ्या दोन पेशी, पण घराणी वेगळी. ऑस्टिओक्लास्ट रक्ताच्या घराण्यातली, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजची चुलत बहीण.

ती घडते कशी, हे बशीत डोळ्यांनी बघता येतं. उंदराच्या बोनमॅरोतल्या पेशींना नुसतं एम-सीएसएफ हे प्रथिन दिलं तर त्या जगतात, वाढतात, पण मॅक्रोफेजच राहतात. सोबत रँकएल नावाचं दुसरं प्रथिन घातलं की त्यांच्या आत एनफॅटसी१ हा जनुकांचा मुख्य खटका दाबला जातो, आणि चार-पाच दिवसांत शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली मग एकच अवाढव्य, पसरट पेशी दिसते, आत केंद्रकांचा घोळका. एखादा दिवस जास्त थांबलात तर सगळ्या मेलेल्या सापडतात. माझा एक अख्खा प्रयोग असाच रविवारच्या सुट्टीत गेला.

आता खरी गंमत. शरीरात हे रँकएल देतं कोण? हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टच्या कुळातल्याच पेशी, आणि त्यातही हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाईट. म्हणजे तोडणाऱ्याला आवतण बांधणाऱ्याच्याच घरून जातं. रोडन आणि मार्टिन या संशोधकांनी असा अंदाज १९८१मध्येच मांडला होता. ते आवतण म्हणजे रँकएल, हे १९९८मध्ये कळलं. त्याच्या आदल्या वर्षी ओपीजी हे आणखी एक प्रथिन सापडलं होतं. बांधणाऱ्याच पेशी तेही सोडतात. ते रँकएलला वाटेतच पकडतं आणि निरोप पोहोचू देत नाही. रँकएल जास्त की ओपीजी जास्त, यावर पुष्कळसं ठरतं. रक्तातलं कॅल्शियम घटलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक हाडातून ते काढायला लावतं, पण तेसुद्धा थेट ऑस्टिओक्लास्टला हुकूम देत नाही; आधी बांधणाऱ्यांना गाठतं.

बोलावणं आलं की ऑस्टिओक्लास्ट हाडाला कडेने गोल, घट्ट चिकटते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. सामू (पीएच) साधारण ४.५पर्यंत उतरतो, खनिज विरघळतं, आणि उघड्या पडलेल्या कोलॅजन या प्रथिनाचे तुकडे कॅथेप्सिन-के हे विकर करतं. हाडात साठलेले टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटकही तेव्हाच मोकळे होतात आणि बांधणाऱ्या पेशींना त्या खड्ड्याकडे खेचतात. म्हणून जुनं, बारीक तडे गेलेलं हाड जाऊन नवं येतं. मोठ्या माणसात वर्षाला सांगाड्याचा सुमारे दहावा भाग असा बदलतो.

अडचण वेगाची आहे. खड्डा दोन-तीन आठवड्यांत खणून होतो, भरायला तीन-चार महिने लागतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, रँकएलवरचा लगाम सुटतो, एकाच वेळी जास्त खड्डे पडतात आणि भरणारे मागे पडतात. ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याची, सुरुवात बहुतेकदा इथे होते.

तेव्हा औषधं या पेशींना आवरतात, नाहीशा करत नाहीत. बिस्फॉस्फोनेट हाडात बसून राहतं आणि हाड खाणाऱ्या पेशीलाच बाधतं. डेनोसुमॅब हे इंजेक्शन ओपीजीसारखंच रँकएलला अडवतं. पेशी राहू द्यायची, फक्त तिचा दात काढायचा, असाही प्रयत्न झाला: ओडानाकॅटिब हे औषध कॅथेप्सिन-के थांबवायचं. फ्रॅक्चर कमी झाली, पण पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि २०१६मध्ये ते सोडून द्यावं लागलं.

डेनोसुमॅब सहा महिन्यांनी एकदा घेतात. ते मध्येच थांबवलं तर ऑस्टिओक्लास्ट आधीपेक्षा जास्त जोराने परततात, काहींच्या मणक्यांची एकापाठोपाठ एक फ्रॅक्चर होतात. २०२१मध्ये उंदरांत दिसलं की ऑस्टिओक्लास्ट दरवेळी मरतातच असं नाही. काही फुटून लहान पेशी होतात आणि पुन्हा एकत्र येऊ शकतात. औषध थांबल्यावर एवढी फौज इतक्या लवकर कुठून उभी राहते, याचं निदान अर्धं उत्तर त्यात असावं. घरात कोणी हे इंजेक्शन घेत असेल, तर पुढची तारीख चुकवण्याआधी डॉक्टरांशी बोला. थांबवायचंच असेल तर ते सहसा मागून दुसरं औषध सुरू करतात.