फुप्फुसं ‘निकामी’ झाली की त्यांना ‘वण’ पडले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काका कोविडच्या गंभीर आजारातून घरी आले. डिस्चार्ज कार्डावर ‘फायब्रोसिस’ लिहिलेलं होतं. आजीला ते सांगताना घरातलं कोणीतरी म्हणालं, “त्यांची फुप्फुसं निकामी झालीत.” त्या दिवसापासून आजीचं जेवण सुटलं. ‘निकामी’ हा शब्द बरोबर होता का, नसेल तर कोणता वापरायचा? आणि जाता जाता, ‘फुप्फुस’ लिहायचं की ‘फुफ्फुस’?

शुद्धलेखनाचं आधी सांगतो. संस्कृतातलं रूप ‘फुप्फुस’. एकाच वर्गातली दोन महाप्राण व्यंजनं लागोपाठ आली की पहिलं अल्पप्राण होतं: बुद्धी, शुद्ध, स्वच्छ. तसंच हे. ‘फुफ्फुस’ हे रूप मात्र मराठी छपाईत सर्रास दिसतं आणि त्याला चूक म्हणण्याचा हट्ट मी धरणार नाही. शब्दच मुळात आवाजावरून घडल्यासारखा आहे, हवा आत-बाहेर होतानाचा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘शोणितफेनप्रभवः फुप्फुसः’ असं म्हटलंय, म्हणजे फुप्फुस रक्ताच्या फेसापासून झालं. शरीरशास्त्र म्हणून ते बाजूला ठेवलं तरी निरीक्षण अचूक आहे. निरोगी फुप्फुस खरोखरच फेसासारखं असतं, कोट्यवधी सूक्ष्म बुडबुड्यांचं. आपण शाळेत त्यांना वायुकोश म्हणायला शिकलो. ‘फोपसा’ म्हणजे फुगीर, आतून पोकळ. हे विशेषणही मला याच शब्दाच्या कुळातलं वाटतं. बोकडाचं फुप्फुस पाण्यात टाकलं तर तरंगतं, कलेजी बुडते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता ‘निकामी’. डॉक्टर ‘रेस्पिरेटरी फेल्युअर’ म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच सांगायचं असतं की या घडीला फुप्फुसं रक्ताला पुरेसा ऑक्सिजन देऊ शकत नाहीत, किंवा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत नाहीत. ही अवस्था आहे, आणि ती उलटूही शकते. मराठीत मात्र निकामी झालेली वस्तू भंगारात जाते. पंप निकामी झाला म्हणजे नवा आणा. ‘फेल्युअर’चं भाषांतर ‘निकामी’ असं झालं आणि तात्पुरत्या अवस्थेचा कायमचा निकाल झाला. व्हेंटिलेटरवरून उतरून पुन्हा स्वतःच्या श्वासावर जगणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांची फुप्फुसं निकामी नव्हती, कमी पडत होती. ‘श्वसन अपुरं पडतंय’ हे साधं वाक्य जास्त खरं आहे.

मग आत नेमकं होतं काय? ते कळलं की शब्द आपोआप सुचतात. हा विषाणू पेशीत शिरताना एसीई-2 नावाच्या प्रथिनाला धरतो. वायुकोशांच्या अस्तरातल्या ज्या पेशींवर ते असतं, त्याच पेशी सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ तयार करतात. हा पदार्थ नसेल तर वायुकोशाच्या ओल्या भिंती, भिजलेल्या लुगड्याचे पदर चिकटावेत तशा, एकमेकींना चिकटून मिटतात. त्या पेशी मेल्या की हेच होतं. त्यातच शरीराची प्रतिकारयंत्रणा अनावर झाली की बाजूच्या केशवाहिन्या पाझरू लागतात आणि प्रथिनयुक्त पाणी वायुकोशांत उतरतं. शिवाय त्या बारीक वाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात. 2020 मध्ये शवविच्छेदनातून मिळालेल्या फुप्फुसांचा अभ्यास झाला, तेव्हा केशवाहिन्यांतल्या अशा गुठळ्या इन्फ्लुएन्झाने दगावलेल्यांपेक्षा कोविडने दगावलेल्यांत नऊपट आढळल्या. म्हणजे हवेची वाटही अडते आणि रक्ताचीही.

या टप्प्याला ‘फुप्फुसांना सूज’ म्हणतात. शब्द चूक नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं की फुप्फुस बाहेरून फुगलंय. सूज आहे ती आतल्या तलम भिंतींना, आणि फुगण्याऐवजी फुप्फुस जड होतं. तरंगणारं फोपसं कलेजीसारखं होतं. ‘फुप्फुसदाह’ छापील मजकुरात शोभतो, पण बोलण्यात ‘दाह’ म्हणजे आग होणे. फुप्फुसाच्या भिंतींना वेदना कळत नाही, आणि 2020-21 मध्ये ऑक्सिमीटर ऐंशी दाखवत असताना फोनवर गप्पा मारणारे रुग्ण होते. मी ‘छातीत पाणी भरलं’ हेही टाळतो, कारण ते आपण फुप्फुसाबाहेरच्या, दोन आवरणांमधल्या पाण्याला म्हणतो. ‘फुप्फुसांत पाणी उतरलं’ म्हणा.

एक शब्द मराठीनं विनासायास दिला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. सीटी स्कॅनच्या अहवालात ‘ग्राउंड ग्लास’ असायचं. त्याचं ‘भूकाच’ असं विचित्र भाषांतर कोणी करू नये, कारण आपल्याकडे दुधी काच आहे. न्हाणीघराच्या खिडकीला असते ना, पलीकडचं दिसतं पण धूसर, तीच. स्कॅनमध्ये फुप्फुसाचा तो भाग तसाच दिसतो: रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसतात, पण मधे धुकं. आणखी घट्ट झाला की दुधीपणा जाऊन भरीव पांढरा डाग होतो. दोन्ही फुप्फुसांच्या मिळून पाच खंडांना (भागांना) प्रत्येकी पाचपर्यंत, जितकं नुकसान जास्त तितके जास्त, असे पंचवीसपैकी गुण द्यायचे, आणि 2021च्या एप्रिलमध्ये घराघरांत विचारणा व्हायची, “स्कोर किती आला?” माझ्या मावशीचा अठरा होता. त्या आठवड्यात तो आकडा आमच्या घरात तिच्या नावासारखा उच्चारला गेला.

‘तीव्र’ या शब्दाबद्दलही एक तक्रार आहे. सार्स या श्वसनाच्या आजाराच्या इंग्रजी नावात ‘सिव्हिअर’ आणि ‘अक्यूट’ असे दोन शब्द आहेत आणि दोन्हींना आपण ‘तीव्र’ लावतो. पहिला आजार किती मोठा ते सांगतो, दुसरा तो किती अचानक आला ते. देशातल्या उपचार-नियमावलीत साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला ऑक्सिजन 90 ते 93 टक्के असेल तर मध्यम, नव्वदीखाली गेला तर गंभीर, अशी प्रतवारी होती. तिथे ‘गंभीर’च योग्य. ‘अक्यूट’साठी ‘आकस्मिक’ ठेवावा.

आता तुमचा ‘फायब्रोसिस’. पारिभाषिक शब्द ‘तंतुमयता’. पण ‘तंतुमय पदार्थ खा’ हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की काकांच्या फुप्फुसात पालेभाजी गेली असंच आजीला वाटेल. मला इथे ‘वण’ हा शब्द हवा. मूळ संस्कृत ‘व्रण’ म्हणजे जखम. तोच शब्द मराठीच्या तोंडी रुळून ‘वण’ झाला आणि अर्थानं एक पाऊल पुढे गेला: जखम बरी झाल्यावर मागे राहतो तो. फुप्फुसात अगदी हेच घडतं. पाणी ओसरतं, मेलेल्या पेशी साफ होतात, आणि जिथे भिंत फार दुखावली होती तिथे शरीर घाईनं चिवट धागे विणून ती सांधतं. सगळीकडे नाही. अनेकांच्या स्कॅनमधले डाग पुढच्या काही महिन्यांत फिकट झाले. जिथे वण राहतो तिथली भिंत जाड आणि ताठ होते, ऑक्सिजन तिच्यातून सावकाश जातो, फुप्फुस पुरतं फुलत नाही. भाजल्यावर कोपराची कातडी आखडून हात सरळ होत नाही, तसं. म्हणून ‘वण धरून आखडली’ असा जोडीचा प्रयोग मला सर्वांत नेमका वाटतो. नुसतं ‘वण’ म्हटलं तर त्रास कळत नाही, नुसतं ‘आखडली’ म्हटलं तर कारण कळत नाही.

तुमच्या आजीच्या पिढीनं देवीचे वण चेहऱ्यावर घेऊन आयुष्य काढलेली माणसं पाहिली आहेत. तिला सांगा: “काकांच्या फुप्फुसात जखमा झाल्या होत्या, त्या भरल्या. देवीचे राहतात तसे आत वण राहिलेत, तिथं फुप्फुस आखडलंय, म्हणून जिना चढताना दम लागतो.” वण किती आहेत, ते फिकट होतायत की वाढतायत, हे मात्र पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा. हाच शब्द वापरून विचारलंत तरी त्यांना कळेल.