जोराचा वारा सुटला की घरातील फर्नेस बंद का पडते?

आपण लिहिले आहे की शिकागोच्या उपनगरातील नव्या घरात आपला हा पहिलाच हिवाळा आहे. उणे १५ अंशांच्या शांत रात्री फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, बिनतक्रार चालते, पण उणे ५ अंशांच्या रात्री पश्चिमेचा वारा सुटला की ती बंद पडते आणि तासाभराने आपोआप सुरू होते. मी तंत्रज्ञ नाही. मात्र नेमक्या याच तक्रारीने माझे दोन हिवाळे खाल्ले असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हवामानाच्या बातम्यांतील ‘विंड चिल’चा, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा आकडा माणसाच्या उघड्या त्वचेपुरता असतो. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे ३०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता आणि विंड चिल उणे ४५च्याही खाली गेला होता. पण म्हणून भिंतीबाहेरचा पाइप काही उणे ४५ अंशांचा झाला नाही. वाऱ्यामुळे वस्तू लवकर निवते, हवेपेक्षा अधिक थंड होत नाही. तेव्हा आपल्या फर्नेसचा शत्रू थंडी नसून दाब आहे, असे मला वाटते.

‘भट्टी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भडभुंज्याची भट्टी येते. बेसमेंटमधील हे पत्र्याचे कपाट त्या मानाने फारच सावध असते. नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेच्या फर्नेस धुरातील वाफेचे पाणी करून तिच्यातली उष्णताही काढून घेतात, त्यामुळे धूर इतका निवतो की तो साध्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपातून भिंतीबाहेर सोडता येतो. पण निवलेला धूर आपण होऊन वर चढत नाही, त्याला बाहेर ढकलायला एक छोटा पंखा लागतो. येथील कारागीर त्याला इन्ड्यूसर म्हणतात. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की प्रथम हा पंखा फिरू लागतो, मग धुराची वाट मोकळी असल्याची खात्री प्रेशर स्विच करून घेतो, आणि त्यानंतरच गॅस पेटवणारा इग्नायटर तापून गॅसची झडप उघडते. मधेच दाब बिघडला तर स्विच सुटतो आणि गॅस तत्काळ बंद होतो. असे लागोपाठ काही वेळा घडले की फर्नेस स्वतःलाच कुलूप लावून घेते, जे बहुतेक मॉडेलांमध्ये तासाभराने उघडते. आपण लिहिलेला ‘तासाभराचा’ अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो.

आता त्या दाबाचा हिशेब पाहा. हा स्विच साधारणपणे अर्धा ते दीड इंच उंचीच्या पाण्याइतक्या, म्हणजे सुमारे १२५ ते ३७५ पास्कल दाबावर काम करतो. हिवाळ्यातील दाट हवेचा ताशी ५० किलोमीटर वेगाचा झोत भिंतीवर सरळ आदळला तर तो जवळपास १३० पास्कल दाब देतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. अशा वेळी धूर बाहेर ढकलणारा पंखा आणि त्याला आत रेटणारा वारा यांची जवळजवळ बरोबरीची झुंज लागते.

यावरचा उपाय रचनेतच असतो: हवा आत घेणारा आणि धूर सोडणारा असे दोन्ही पाइप एकाच भिंतीवर, जवळजवळ आणि एकाच वाऱ्यात असले, तर दोन्ही तोंडांवर सारखाच दाब येऊन त्याचा परिणाम बराचसा कटतो. माझ्या घरात आधीच्या मालकाच्या कंत्राटदाराने धुराचा पाइप तेवढा पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर काढला होता आणि हवा बेसमेंटमधूनच घेतली होती. पहिल्या तंत्रज्ञाने फिल्टर बदलला, दुसऱ्याने नवा स्विच बसवला. दोघेही शांत हवेच्या दिवशी आले, फर्नेस चालू झालेली पाहिली आणि पैसे घेऊन गेले. तिसऱ्याने मात्र मॅनोमीटर लावून दाब मोजला, तेव्हा पाणी निथळण्याची नळी गाळाने अर्धी तुंबलेली आणि पंखा थकलेला आढळला, म्हणजे वारा नसतानाही स्विच कसाबसा तग धरून होता. नळी साफ करून, पंखा बदलून, दुसरा पाइप त्याच भिंतीवर नेल्यावर तक्रार संपली. म्हणूनच केवळ वाऱ्याला दोष देणाऱ्या निदानावर माझा विश्वास नाही.

आपली फर्नेस जुन्या पद्धतीची, चिमणीची असेल तर प्रकरण वेगळे आणि अधिक गंभीर आहे. गावाकडे वारा फिरला की चुलीचा धूर स्वयंपाकघरात कोंडतो, तसाच चिमणीतून उलटा आलेला झोत पायलटची, म्हणजे बर्नर पेटवण्यासाठी सतत तेवणारी छोटी ज्योत विझवतो किंवा जळलेला वायू घरात परतवतो; फरक एवढाच की चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो, कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नसतो आणि वासही नसतो. प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म असू द्या.

फर्नेस चालू असूनही पश्चिमेच्या खोल्या गार राहत असतील, तर तो फर्नेसचा दोष नव्हे. वारा एका बाजूच्या फटींतून आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा ओढून नेतो. त्या फटी बुजवाव्या लागतील.

पुढच्या वेळी ती बंद पडली की वीज बंद-चालू करण्यापूर्वी फर्नेसच्या दारावरच्या छोट्या काचेतून आतल्या दिव्याची उघडझाप मोजून लिहून ठेवा, कारण दाराच्या आतल्या तक्त्यात त्या संख्येचा अर्थ दिलेला असतो. मग टॉर्च घेऊन पाइपांच्या तोंडांशी बर्फ साचला आहे का ते पाहा. डिसेंबर २०२२च्या हिमवादळात न्यू यॉर्क राज्यातील बफेलो शहरात वाऱ्याने असे ढीग रचले होते की पाइपच काय, दारेही गाडली गेली. पाइपाच्या तोंडावर जाळी किंवा कापड लावू नका, आणि कोणी स्विचच्या तारा एकमेकींना जोडून ‘काम भागवून देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तंत्रज्ञाला फोन कराल तेव्हा दाब मॅनोमीटरने मोजायचा आहे हे आधीच सांगा, आणि शक्य झाल्यास वाऱ्याच्याच दिवशी बोलवा.